घरात रेंज नाही, पण वायफाय आहे: वायफाय कॉलिंग नीट चालवण्याची सविस्तर पद्धत

सह्याद्रीच्या कुशीतल्या गावात मोबाइलचा टॉवर डोंगराच्या पलीकडे असतो, कोकणातल्या वाडीत तो वर सड्यावर असतो आणि घरे खाली माडापोफळींत असतात, तर पुण्या-मुंबईच्या नव्या इमारतींत तो खिडकीतून समोर दिसत असूनही काँक्रीटच्या भिंती आणि काचांवरचा धातूचा पातळ थर यांमुळे आतल्या खोलीत रेंजची जेमतेम एक काडी उरते. या तिन्ही ठिकाणी आता बहुधा फायबर ब्रॉडबँड पोहोचलेले असते. घरात चित्रपट अडखळल्याशिवाय चालतो, व्हिडिओवर नातवंडे दिसतात, पण बँकेचा, दवाखान्याचा किंवा गॅस एजन्सीचा साधा फोन आला की तो घ्यायला अंगणात धावावे लागते. ही विसंगती दूर करण्यासाठीच मोबाइल कंपन्यांनी वायफाय कॉलिंग, म्हणजे व्हीओवायफाय, ही सोय दिलेली आहे. आपल्या देशात एअरटेलने ती डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केली. व्हीआयने डिसेंबर २०२० मध्ये सुरुवात केली तेव्हा पहिल्या परिमंडळांत महाराष्ट्र आणि गोवा होते. बीएसएनएल या बाबतीत बरेच मागून आले.

या सेवेत क्रमांक आपलाच राहतो, फोन नेहमीच्याच डायलरमधून लावायचा असतो, आणि पलीकडच्या माणसाकडे इंटरनेट असण्याची काहीही गरज नसते. त्याच्याकडे जुना बटणांचा फोन असला तरी चालते. व्हॉट्सअॅप कॉलपेक्षा ही गोष्ट वेगळी आहे, ती इथेच. कॉलचे शुल्क आपल्या चालू रिचार्जप्रमाणेच धरले जाते आणि त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. तरीही अनेक घरांत असे होते की कोणीतरी सेटिंग चालू करून देते, दोन दिवस आवाज तुटतो, समोरचा "हॅलो, हॅलो" करत राहतो, आणि ही सोय कायमची बंद केली जाते. माझे स्पष्ट मत आहे की अशा दहांतल्या बहुतेक घरांत दोष मोबाइल कंपनीकडे नसून राउटर आणि बोलणाऱ्याची बसण्याची जागा यांच्या मधल्या काही फुटांत असतो, आणि तो घरच्या घरी, बहुतेकदा फुकटात, दूर करता येतो. पुढील सर्व पायऱ्या त्या दृष्टीने आणि त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

आधी तीन गोष्टींची खात्री करावी

पहिली गोष्ट सिमकार्डाची. ज्यांचे सिम टू-जी किंवा थ्री-जीच्या काळात घेतलेले आहे आणि आजवर बदललेले नाही, त्यांनी ते कंपनीच्या दुकानातून फोर-जी सिममध्ये बदलून घ्यावे, कारण वायफायवरून फोन जोडताना कंपनी ग्राहकाची ओळख सिममधल्या गुप्त किल्लीवरूनच पटवते आणि जुन्या सिमला ती प्रक्रिया जमत नाही.

दुसरी गोष्ट हँडसेटची. फोनमध्ये वायफाय आहे म्हणजे वायफाय कॉलिंग आहेच असे नसते. फोन बनवणाऱ्या कंपनीने त्या विशिष्ट मोबाइल कंपनीसाठी ही सोय सॉफ्टवेअरमध्ये चालू केलेली असावी लागते. त्यामुळे एकाच फोनमध्ये एका कंपनीच्या सिमवर हा पर्याय दिसतो आणि दुसऱ्या सिमवर दिसत नाही, असेही घडते. मुलाने किंवा मुलीने अमेरिकेहून आणून दिलेल्या काही अँड्रॉइड फोनमध्ये आपल्याकडच्या कंपन्यांसाठी ही सोय नसते; फोन कितीही महाग असला तरी त्यावर इलाज नाही, हे लक्षात ठेवून खरेदी करण्यापूर्वीच आपल्या कंपनीच्या संकेतस्थळावरील यादीत मॉडेलचे नाव तपासावे. फोनचे सॉफ्टवेअर शेवटच्या आवृत्तीपर्यंत अद्ययावत करून घ्यावे, कारण पुष्कळदा हा पर्याय अपडेटनंतरच उगवतो.

तिसरी गोष्ट म्हणजे त्या सिमवर व्हीओएलटीई, म्हणजे फोर-जीवरून बोलण्याची सोय, चालू असणे. वायफाय कॉलिंग हे व्हीओएलटीईच्याच यंत्रणेवर उभे असल्याने ते बंद ठेवून हे चालू होत नाही.

सेटिंग चालू करणे

आयफोनमध्ये सेटिंग्जमधील 'मोबाइल सर्व्हिस' (जुन्या आवृत्तीत 'मोबाइल डेटा') उघडावे, दोन सिम असतील तर हवे ते सिम निवडावे, आणि 'वायफाय कॉलिंग' चालू करावे. सॅमसंगमध्ये हा पर्याय 'कनेक्शन्स'मध्ये असतो. मोटोरोला आणि पिक्सेलसारख्या फोनमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', त्यात 'सिम्स', आणि त्यात आपले सिम असा मार्ग आहे. शाओमीच्या फोनमध्ये सिमच्या पानावर 'मेक कॉल्स युझिंग वायफाय' अशी ओळ असते. इतर फोनमध्ये सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत 'वायफाय कॉलिंग' असे टाइप केले की थेट तिथे जाता येते. दोन सिम असतील तर प्रत्येक सिमसाठी हे वेगवेगळे करावे लागते, आणि नेमके हेच राहून जाते.

काही फोन या पर्यायाखाली आणखी एक निवड देतात: वायफायला प्राधान्य द्यायचे की मोबाइल नेटवर्कला. ज्या घरात रेंज अगदीच नाही तिथे याने फरक पडत नाही. ज्या घरात ती येते-जाते, तिथे मात्र वायफायलाच प्राधान्य द्यावे, कारण एका काडीच्या रेंजला चिकटून बसलेला फोन हाच आवाज तुटण्याचे मोठे कारण असतो.

चालू झाले की नाही, हे कसे ओळखावे

यासाठी खात्रीची चाचणी अशी आहे. फोन विमान मोडमध्ये टाकावा, म्हणजे टॉवरशी संबंध पूर्ण तुटेल. मग त्याच मोडमध्ये फक्त वायफाय पुन्हा चालू करावे आणि दोन-तीन मिनिटे थांबावे. वर रेंजच्या जागी कंपनीच्या नावासोबत वायफायचा उल्लेख किंवा व्हीओवायफायचे चिन्ह दिसू लागले, तर नोंदणी झाली. आता घरातल्या दुसऱ्या फोनवर कॉल लावावा, आणि त्या फोनवरून उलटाही लावावा. बाहेर जाणारा आणि आत येणारा, असे दोन्ही कॉल तपासणे आवश्यक आहे, कारण बाहेर जाणारा लागतो आणि आत येणारा वाजतच नाही, हा दोष अगदी सर्रास आढळतो. एक एसएमएससुद्धा पाठवून पाहावा; बँकेचा ओटीपी घरात मिळावा ही अनेकांची खरी निकड असते आणि बहुतेक फोनवर तो याच मार्गाने येतो.

ज्यांच्या घरात रेंज मुळीच नाही, त्यांनी घरी असेपर्यंत फोन कायम याच स्थितीत ठेवायला हरकत नाही. टॉवर शोधण्यासाठी फोन जी धडपड करतो ती थांबल्याने बॅटरीही अधिक टिकते. मात्र घराबाहेर पडताना विमान मोड काढण्याची सवय लावून घ्यावी, नाहीतर बाजारात पोहोचेपर्यंत फोन बंदच राहतो.

वेग पुरेसा असतो. सिग्नल पोहोचतो का ते पाहावे

आवाज तुटला की लोक ब्रॉडबँडचा मोठा प्लॅन घेतात. हा खर्च व्यर्थ आहे. एका कॉलला एका दिशेने शंभर केबीपीएसदेखील लागत नाहीत, म्हणजे सर्वांत स्वस्त फायबर प्लॅनवरही अनेक कॉल एकाच वेळी मावतील. तासभर बोलले तरी शंभर एमबीच्या आतच डेटा जातो. आवाजाला वेगापेक्षा सातत्य लागते: दर सेकंदाला डेटाची सुमारे पन्नास छोटी पाकिटे ठरावीक अंतराने पोहोचली पाहिजेत. चित्रपट पुढचा भाग आधीच साठवून ठेवू शकतो, म्हणून मधली खंड आपल्याला कळत नाही. बोलणे साठवून ठेवता येत नाही, म्हणून अर्ध्या सेकंदाची खंडही कानाला बोचते.

हे सातत्य बिघडते ते बहुधा भिंतींमुळे. मालवण भागातील एका चिरेबंदी घराची मांडणी इथे सांगण्यासारखी आहे. फायबरची वायर पडवीतून आत आली, म्हणून बसवणाऱ्याने राउटर ओटीवरच, टीव्हीच्या मागे ठेवून दिला. आजी बसत ती माजघराच्या पलीकडच्या खोलीत. मध्ये जांभ्याच्या दोन भिंती, प्रत्येकी फुटापेक्षा जाड, आणि दुसऱ्या भिंतीला टेकून लोखंडी कपाट. पावसाळ्यात जांभा पाणी धरून ठेवतो आणि ओली भिंत सिग्नल अधिकच शोषते, त्यामुळे "मे महिन्यात चालत होतं, जुलैत बंद पडलं" ही घरच्यांची तक्रार अक्षरशः खरी होती. उपाय एवढाच केला की राउटर टीव्हीमागून काढून माजघराच्या माळ्याच्या कडेला, वाऱ्याच्या जागी ठेवला. माळ्याच्या लाकडी फळ्यांतून सिग्नल सहज खाली उतरतो. दोन भिंती भेदण्यापेक्षा वरून येणे त्याला सोपे जाते. कौलांखाली उन्हाळ्यात उष्णता फार असते, म्हणून राउटर कौलांना लागून ठेवू नये, आणि छप्पर पत्र्याचे असेल तर त्यापासूनही दूर ठेवावा.

आपल्या घरात हे तपासण्यासाठी फोनमध्ये वायफायची ताकद दाखवणारे एखादे मोफत अॅप घ्यावे आणि जिथे बसून प्रत्यक्ष बोलायचे आहे तिथे, दार लावून, आकडा पाहावा. हा आकडा उणे डीबीएममध्ये असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. बोलण्यासाठी तो उणे ६७ किंवा त्याहून चांगला असावा. उणे ७५ च्या पलीकडे गेला की इंटरनेट चालेल, पण बोलणे कधी चालेल आणि कधी नाही. मोजणी राउटरसमोर उभे राहून करण्यात अर्थ नाही. आजोबांच्या खाटेपाशी, स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी आणि रात्री फोन चार्जिंगला लावतो त्या ठिकाणी करावी.

त्यानंतर प्रश्न येतो २.४ गिगाहर्ट्झ की ५ गिगाहर्ट्झ, याचा. इथे गावातले घर आणि शहरातला फ्लॅट यांना एकच सल्ला देता येत नाही. जाड भिंतींच्या, सुट्या, शेजारी लांब असलेल्या घरात २.४ गिगाहर्ट्झच बरे, कारण ते दूर जाते आणि तिथे गर्दी करणारे दुसरे कोणी नसते. इमारतीत उलट स्थिती असते: २.४ वर वर-खालच्या, उजव्या-डाव्या सगळ्या शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह एकाच जागेत गर्दी करतात, म्हणून फोन ५ गिगाहर्ट्झवर ठेवणे हिताचे. बरेच राउटर दोन्हींना एकच नाव देतात आणि फोनला मर्जीप्रमाणे इकडून तिकडे ढकलतात. कॉलच्या मध्ये ही ढकलाढकल झाली की आवाज क्षणभर गायब होतो. अशा वेळी दोन्हींची नावे वेगळी करून फोनला एकाच नावाशी जोडून ठेवावे. २.४ वर राहायचे असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळा निवडावा आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी.

जागा बदलूनही सिग्नल पोहोचत नसेल तर दुसरे यंत्र लागते. इथे स्वस्तातला, भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचण्याचा रिपीटर घेण्याचा मोह होतो. बोलण्यासाठी मी तो सुचवणार नाही; तो प्रत्येक पाकीट एकदा ऐकतो आणि मग पुन्हा हवेत सोडतो, त्यामुळे विलंब वाढतो, आणि लोक तो नेमका अशा कोपऱ्यात लावतात जिथे त्याला स्वतःलाच सिग्नल नीट मिळत नाही. त्याऐवजी राउटरपासून आतल्या खोलीपर्यंत लॅनची वायर ओढावी आणि तिच्या टोकाला दुसरा साधा राउटर अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे फक्त वायफाय पसरवण्यापुरता, लावावा. जुना, कपाटात पडलेला राउटरही या कामाला चालतो. वायर ओढणे शक्यच नसेल तर मेश संच, म्हणजे एकमेकांशी जोडून एकच वायफाय पसरवणारी दोन-तीन युनिटे, घ्यावा आणि त्याचे दुसरे युनिट मधल्या खोलीत ठेवावे, शेवटच्या खोलीत नव्हे.

जिथे फायबरच पोहोचलेली नाही, तिथेही एक मार्ग आहे. गच्चीवर किंवा खिडकीत ज्या कंपनीची रेंज येते तिचा एक फोन तिथे चार्जिंगला लावून हॉटस्पॉट चालू करावा. घरातला फोन दुसऱ्या कंपनीचा असला तरी त्या हॉटस्पॉटवरून त्याचे वायफाय कॉलिंग सहसा चालते. गच्चीवर अँटेना बसवून फाइव्ह-जीवरून इंटरनेट देणाऱ्या एअरफायबर सेवाही हेच काम अधिक नीटपणे करतात.

दोष वायफायचा की लाइनचा, हे वेगळे करणे

सिग्नल चांगला असूनही आवाज तुटत असेल, तर ही चाचणी करावी. लॅपटॉप बोलण्याच्या जागी ठेवून, वायफायला जोडून, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये राउटरच्या पत्त्याला पिंग लावावे, म्हणजे छोटे पाकीट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजावे. हा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा तत्सम असतो आणि राउटरच्या तळाशी लेबलवर छापलेला असतो. आज्ञेच्या शेवटी वजाचे चिन्ह आणि टी जोडले की पिंग सतत चालू राहते. पाच मिनिटे आकडे पाहत बसावे. घरातल्या घरात हे आकडे एकअंकी मिलिसेकंदांत आणि जवळपास सारखे असले पाहिजेत. मध्येच दोनशे, चारशे असे आकडे येत असतील किंवा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' दिसत असेल, तर दोष वायफायचा आहे आणि केबलवाल्याला बोलावण्यात अर्थ नाही. आधीच्या भागाकडे परत जावे.

राउटरचे आकडे स्वच्छ असतील तर तेच पिंग बाहेरच्या पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला, लावावे. इथे आकडा किती आहे यापेक्षा तो किती हलतो ते महत्त्वाचे. तीस-चाळीसच्या आसपास स्थिर राहणारी लाइन उत्तम, पण वीसवरून दीडशेवर उड्या मारणारी लाइन बोलण्यास वाईट. शंभरात एखादे पाकीटही हरवत असेल, तर ते पडद्याचे चित्र काढून ब्रॉडबँडवाल्याला पाठवावे. "नेट स्लो आहे" या तक्रारीवर कोणी हालचाल करत नाही. हरवलेल्या पाकिटांचा पुरावा समोर असला की माणूस येतो, जोडणी उघडतो आणि पुष्कळदा फायबरचे वाकलेले टोक किंवा धूळ बसलेला कनेक्टर सापडतो.

आपल्याला ऐकू येते, पण समोरच्याला आपला आवाज तुटतो

हे लक्षण वेगळे ओळखावे, कारण त्याचे कारण जवळपास नेहमी एकच असते: घरातून बाहेर जाणारी बाजू भरलेली आहे. कोणाच्या तरी फोनमधले फोटो क्लाउडवर चढत असतात, किंवा सीसीटीव्हीचा कॅमेरा दिवसभर चित्रे पाठवत असतो. राउटर ही सगळी पाकिटे एका रांगेत उभी करतो आणि आपले शब्द त्या रांगेत अडकतात. फोटोंचा बॅकअप रात्री होईल असे ठरवून द्यावे आणि कॅमेऱ्याचे चित्रण क्लाउडऐवजी मेमरी कार्डावर घ्यावे. एवढ्याने बहुतेक घरांतला प्रश्न मिटतो.

राउटरमध्ये क्यूओएस किंवा प्राधान्यक्रमाची सोय असेल तर ती वापरावी, पण एक बारकावा लक्षात ठेवून. वायफाय कॉलचा सगळा आवाज फोनपासून कंपनीच्या दारापर्यंत कुलूपबंद बोगद्यातून जातो, त्यामुळे आत आवाज आहे की आणखी काही, हे राउटरला दिसत नाही. म्हणून 'व्हॉइसला प्राधान्य' हा पर्याय निवडून उपयोग होत नाही. त्याऐवजी तो फोनच यादीतून निवडून त्याला प्राधान्य द्यावे. अपलोडची कमाल मर्यादा घालण्याची सोय असल्यास ती प्रत्यक्ष वेगाच्या नव्वद टक्क्यांच्या थोडी खाली ठेवावी. याच कुलूपबंद बोगद्यामुळे वायफाय कोणाचेही असले तरी त्याच्या मालकाला आपले बोलणे ऐकता येत नाही.

नोंदणीच होत नसेल तर

विमान मोडच्या चाचणीत कंपनीचे नाव दिसलेच नाही, तर आधी फोनमधील व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारे अॅप) असल्यास बंद करावे. मग फोन मित्राच्या किंवा शेजाऱ्याच्या वायफायला जोडून पाहावा. तिथे नोंदणी झाली तर अडथळा आपल्या राउटरमध्ये आहे. वर सांगितलेला बोगदा यूडीपीच्या ५०० आणि ४५०० या पोर्टांवरून उघडतो. राउटरच्या सुरक्षेच्या पानावर 'आयपीसेक पासथ्रू' नावाचा पर्याय असेल तर तो चालू करावा, फायरवॉल 'हाय'वर असेल तर 'मीडियम' करावी आणि राउटर एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा. ब्रॉडबँड कंपनीच्या डब्यापुढे आपण स्वतःचा राउटर लावला असेल आणि दोघेही राउटरचे काम करत असतील, तर एकाला ब्रिज मोडमध्ये टाकून घ्यावे, म्हणजे त्याचे राउटरचे काम बंद होईल. दुसऱ्याच्या वायफायवरही नोंदणी होत नसेल, तर दोष फोन, सिम किंवा कंपनीकडचा आहे.

फोन वाजतच नाही, ही तक्रार याहून फसवी आहे. बोलणे उत्तम चालते, पण तासभर टेबलावर पडून राहिलेल्या फोनला कॉल येत नाही. कारण बहुधा बॅटरी बचतीचे असते: पडदा बंद झाल्यावर फोन वायफाय झोपवतो आणि बोगदा मिटतो. बॅटरी सेव्हर बंद करावा, झोपेतही वायफाय चालू राहील असा पर्याय असेल तर तो निवडावा, आणि 'वायफाय कमजोर असल्यास मोबाइल डेटावर जा' हा आगाऊ पर्याय रेंज नसलेल्या घरात बंदच ठेवावा. नंतर फोन तासभर न हलवता ठेवून बाहेरून कॉल करून खात्री करावी.

बोलता बोलता घराबाहेर पडल्यास

दाराबाहेर फोर-जीची रेंज असेल तर चालू कॉल वायफायवरून टॉवरवर अलगद सरकतो. बाहेर फक्त टू-जी असेल किंवा काहीच नसेल, तर तो तुटतो. कोकणातल्या खळ्यात, जिथे वायफाय संपलेले असते आणि टॉवर अजून सुरू झालेला नसतो, तिथे कोणतेही सेटिंग उपयोगाचे नाही. कॉल संपेपर्यंत आतच थांबावे, किंवा अंगणाकडच्या खिडकीत दुसरा अॅक्सेस पॉइंट लावावा.

वीज गेल्यावर

पावसाळ्यात ही बाब सगळ्यांत आधी आडवी येते. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही साधारणपणे १२ व्होल्टवर चालतात, म्हणून त्यांच्यासाठी मिळणारा छोटा राउटर यूपीएस घ्यावा. घेताना अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून पाहावेत आणि दोन डबे असतील तर दोघांना पुरेल असा घ्यावा. घरात इन्व्हर्टर असला तरी याचा उपयोग आहे, कारण वीज जाऊन इन्व्हर्टर लागण्याच्या त्या क्षणभरात राउटर पुन्हा सुरू होतो आणि फोनची नोंदणी परत होईपर्यंत काही मिनिटे जातात. बहुतेक फायबर जाळ्यांत वाटेतल्या फाट्यांना वीज लागतच नाही, त्यामुळे पलीकडे केंद्रात बॅटरी असेल तर गावभर अंधार असूनही आपले इंटरनेट चालू राहते. खांबावरच्या विजेवर चालणारे स्विच वापरणाऱ्या स्थानिक केबलवाल्याकडे हे जमत नाही. जोडणी घेतानाच हा प्रश्न विचारून घ्यावा. विजा कडाडत असताना मात्र अडॅप्टर सॉकेटमधून काढून ठेवावेत.

वयस्कर माणसांसाठी वेगळा फोन

ज्यांना स्मार्टफोनचा पडदा जमत नाही, त्यांच्यासाठी अधिक सोपा मार्ग आहे. बीएसएनएलसह अनेक कंपन्यांच्या फायबरच्या डब्याला मागे टेलिफोनचे पोर्ट असते आणि प्लॅनसोबत लँडलाइन क्रमांक मिळतो. त्या पोर्टला कॉर्डलेस फोनचा तळ जोडला की हँडसेट घरभर घेऊन फिरता येते, वायफायची ताकद मोजत बसावे लागत नाही, आणि आजींना फक्त हिरवे बटण दाबायचे असते. दोन गोष्टी घरच्यांना समजावून सांगाव्यात. लँडलाइनवरून कोणताही मोबाइल लावताना आधी शून्य लावावे लागते. हा नियम १५ जानेवारी २०२१ पासून लागू आहे, आणि जुन्या सवयीने दहाच आकडे फिरवणाऱ्यांना "फोन बिघडला" असे वाटते. दुसरे म्हणजे तांब्याच्या तारेवरचा जुना फोन एक्स्चेंजकडून येणाऱ्या ४८ व्होल्टवर वीज नसतानाही चालत असे, तसा हा चालत नाही. यालाही यूपीएस हवाच.

आणीबाणीची तयारी

११२ किंवा रुग्णवाहिकेचा १०८ वायफायवरून लागेलच, असे गृहीत धरू नये. बहुतेक फोन आणीबाणीचा क्रमांक फिरवल्यावर आधी कोणत्याही कंपनीचा टॉवर शोधतात, आणि वायफायवरून कॉल गेलाच तरी आपण नेमके कुठे आहोत हे पलीकडे टॉवरइतके भरवशाने कळत नाही. म्हणून विमान मोड असेल तर आधी काढावा, आणि फायबरवरची लँडलाइन असेल तर तिच्यावरूनही प्रयत्न करावा. घराचा पूर्ण पत्ता, वाडीचे नाव, मुख्य रस्त्यावरून आत वळण्याची खूण आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळच्या भिंतीवर लावावा, म्हणजे घाबरलेल्या माणसालाही तो वाचून सांगता येईल.

तक्रार कशी करावी

वरील सगळे करूनही दुसऱ्याच्या वायफायवर नोंदणी होत नसेल, तर १९८ या तक्रार क्रमांकावर फोन करावा. "आवाज येत नाही" असे मोघम न सांगता फोनचे मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती, विमान मोडमधल्या चाचणीचा निकाल आणि किती वेगळ्या वायफायवर तपासले ते सांगावे, आणि आपल्या क्रमांकावर व्हीओवायफायची सेवा कंपनीच्या बाजूने चालू आहे का, हा प्रश्न स्पष्ट विचारावा. तक्रारीचा डॉकेट क्रमांक लिहून घ्यावा. ठरलेल्या मुदतीत निराकरण झाले नाही किंवा उत्तर समाधानकारक वाटले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत, डॉकेट क्रमांक देऊन, विनामूल्य अपील करता येते.